सरकतं दार

इम्तियाजने टेप ओढून चौकटीला लावली.
तीन फूट, दोन सूत कमी.
"आठ करून टाकू, मावशी. तीन ट्रॅक, एक जाळीचा.
हत्ती येईल आरपार."
नेरूळच्या रो-हाउसात हत्ती कशाला येतोय, मी म्हटलं.
आम्हा दोघांना एका वेळी जाता आलं तरी पुष्कळ.

बत्तीस वर्षं या मागच्या दारात एकाने अंग चोरायचं.
बहुतेकदा मीच: काखेत पिळलेले कपडे,
दातांत चिमटे,
आणि समोरून हे, चपला फटफटवत,
चिकूला पाणी घातलंस का, विचारत.
दातांत चिमटे असताना काय उत्तर द्यायचं?

खाडीच्या वाऱ्याने बिजागऱ्या खाल्ल्या होत्या.
पावसाळ्यात दार फुगायचं, गुडघा लावून उघडायचं.
पण आपटायला एक नंबर.
रबाळ्याची कंपनी बंद झाली त्या संध्याकाळी ह्यांनी आपटलं,
चौकटीचा टवका उडाला, तो मी फेविकॉलने बसवला.
दोन हजार आठ साली मी आपटलं.
कारण सांगणार नाही.

भीमाप्पाच्या पहिल्या घणाला भिंत नुसती खाकरली.
दुसऱ्याला फडताळातल्या बरण्या बोलल्या.
विटांच्या पोकळीत एक चुनाळी निघाली, पितळेची,
आत चुन्याचा दगड झालेला.
कुण्या गवंड्याने ती किती शोधली असेल,
कुणावर आळ घेतला असेल.
भीमाप्पाने ती शर्टाला पुसली
आणि कुणाला न विचारता खिशात टाकली.
हे काहीतरी बोलणार होते. मी डोळे मोठे केले.

काच तुर्भ्याहून यायची होती. आली नाही.
त्या रात्री आठ फूट नुसतं भोक,
वरून निळी ताडपत्री, तिच्या कडेवर विटा.
राखण म्हणून आम्ही तिथेच गादी टाकली.
धूळ दातांत करकरत होती.
मध्यरात्री ठाकूरबाईंचं मांजर आलं,
ताडपत्रीच्या फटीतून अर्धं आत,
दार होतं नेमकं त्या जागेवर थांबलं,
एकदा ओरडलं,
आणि कुणी उघडेना तसं तिथेच बसून राहिलं.

"तेव्हा तू जाणार होतीस ना?"
हे म्हणाले, छताकडे बघत.
सोळा वर्षांनी.
"गेले होते की," मी म्हटलं.
"चिकूपर्यंत."
पुढे काय बोलावं ते दोघांनाही सुचेना.
मी मांजराला हाक मारली.

आता तीन काचा एकीमागे एक लपतात.
चिकू घरात आल्यासारखा वाटतो, कावळाही.
ट्रॅकमध्ये मुंग्या, भाताची शितं,
मी जुन्या टूथब्रशने उकरून काढते.
अजून तोंडातून निघतं, दार लोटून घ्या.
हे काचेला धक्का देतात. काच हलत नाही.
मग आठवतं: बाजूला.

परवा गॅसच्या बिलावरून वाजलं.
ह्यांनी दाराला असा हिसका दिला की वाटलं, गेली काच.
दार सुसाट निघालं,
आणि शेवटच्या चार बोटांवर आतल्या कसल्याशा यंत्राने त्याला धरलं,
हळू,
अगदी हळू,
झोपलेल्या मुलाच्या खोलीचं लावतात तसं.
हे मूठ आवळून उभे,
ते मिटायची वाट बघत.

जुनं दार अजून कंपाउंडला टेकून आहे, कडीसकट.
भंगारवाला तीनशे देत होता.
राहू दे, म्हटलं. लागेल कधी.
ह्यांनी लगेच मान हलवली.